एकादशीचा पहारा

खारकुंभळ्याच्या विठोबाच्या देवळात सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तीही नाम चालू असताना. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं बसायचं नाही, नामाखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि बदली आल्याशिवाय सुटायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. आईच्या मांडीवर कीर्तन ऐकता ऐकताच ते पेणच्या खाडीकाठच्या खारीतल्या माणसाच्या अंगात उतरतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या माघातली एकादशी. सकाळच्या पहाऱ्याला दाजी उभे होते. एकादशीच्या सकाळची वीणा म्हणजे गावातला मोठा मान, आणि तो दाजींच्या वाट्याला कधी आला नव्हता. यंदा पहारे वाटायचं काम त्यांच्या पुतण्याकडं, अमोलकडं होतं. त्यानं घरी येऊन काकाचे पाय धरले आणि सांगितलं, एकादशीची वीणा तुमची. दाजींचे डोळे भरून आले. त्याच दिवशी शाळेच्या मैदानात जनसुनावणी आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण पहारा संपल्यावर सुनावणी होती, पुढचा पहारा काळुरामचा होता, आणि काळुराम म्हणजे घड्याळ विसरेल पण पहारा विसरणार नाही असा माळकरी. दाजींनी दुसरा विचार केला नाही.

आता पहारा संपून बराच वेळ झाला होता आणि काळुराम आला नव्हता.

देवळात दाजी एकटे. टाळकरीसुद्धा एकेक करून निसटले होते. भिंतीपलीकडं शाळेचं मैदान, तिथं मांडव, आणि मांडवात देवळाचाच कर्णा लावलेला. त्यामुळं साहेबांच्या खोकल्यापासून सगळं दाजींना ऐकू येत होतं. ते वीणेची तार छेडत होते, राम कृष्ण हरी म्हणत होते आणि सारखे दाराकडं पाहत होते. देवाकडं पाठ होते हे त्यांच्या मधूनच लक्षात यायचं. मग ते शरमून वळायचे आणि चार पावलांत पुन्हा दाराशी यायचे.

त्यांना एक प्रश्न विचारायचा होता. आज, त्या मांडवात, सुनावणी उठायच्या आत. तेवढंच.

गोष्ट अशी होती. खाडीच्या तोंडावर एक कंपनी धरण बांधणार होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, दारं लावून कोंडायचं, आणि ओहोटीला हळूहळू सोडून त्यावर वीज करायची. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. दाजींना ही कल्पना मनापासून आवडली होती. देवानं दिवसातून दोनदा पाणी वर चढवून दिलंय, त्याचा दिवा लावायचा म्हणजे ही एक प्रकारची काकडआरतीच, असं ते धोंडुबाईला, आपल्या बायकोला, म्हणाले होते. ती म्हणाली होती, आधी बिल किती येतंय ते बघा, मग आरती करा.

पण खारकुंभळ्याची भातशेती समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध. त्या बांधाची निगा गावाचा जोळ राखतो, म्हणजे बांधाला खांड पडली, भगदाड पडलं, की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो, मग त्याच्या घरी लग्न असो की मयत. जोळाचा पुढारीपणा दाजींकडं होता. उधाणाची भरती बांधाच्या माथ्यावरून सांडायला लागली की मातीचा थर चढवायचा हे त्यांनी वडिलांकडून घेतलं होतं. वडिलांच्या वेळी थर कधीतरी चढायचा. आता जवळजवळ दर साल. दाजी म्हणायचे माती खचत असेल. सगळेच तसं म्हणायचे.

प्रकल्पाचा पर्यावरणाचा अहवाल करायला एक मुलगी येत असे. नम्रता तिचं नाव, रोह्याजवळच्या अष्टमीची, विज्ञान शिकलेली. काठ्या रोवून पाणी मोजायची आणि दुपारी धोंडुबाईच्या हातचं जेवायची. एके दिवशी दाजींनी मातीचं सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला. तिनं सांगितलं की माती खचत असेलही, पण दर्याही चढतोय, सगळ्या जगात चढतोय, धुरानं पृथ्वी तापत चालली आहे म्हणून. आणि अहवालात भरती धरली आहे ती आजची. धरण चालणार नातवंडांच्या काळापर्यंत. कोंडलेलं पाणी तासन्‌तास तुमच्या बांधाला टेकून राहणार, आणि त्या बांधाची उंची पुरेशी आहे असं लिहिलंय ते आजच्या पाण्यावर. तिनं ऑफिसात विषय काढला होता. तिचे वरचे साहेब रागावले नाहीत, उलट हसून म्हणाले, अगं, हा तर धूर कमी करणारा प्रकल्प, ह्याला हवामानाचा प्रश्न कशाला? आणि अहवालाच्या नमुन्यात तसा रकानाच नाही. तिला स्वतःला बोलायची सोय नव्हती, घरी तिच्याच पगारावर चूल होती. पण नवा नियम असा होता की सुनावणीत जमीनवाल्यानं प्रश्न केला तर तो लिहून घ्यावाच लागतो. एकदा लिहिला गेला की पुसता येत नाही.

दाजींनी तिला सांगितलं होतं, मी विचारीन. पोरीच्या नोकरीवर येईल म्हणून ही गोष्ट त्यांनी गावात कोणाला सांगितली नव्हती. दाजी, धोंडुबाई आणि नम्रता, तिघांतच ती राहिली होती.

कर्ण्यातून आवाज येत होता. कंपनीचा माणूस फायदे सांगत होता, टाळ्या पडत होत्या. मग कोणीतरी म्हणालं की आज एकादशी म्हणून सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी केली आहे, संकोच करू नये. त्याला सगळ्यांत मोठी टाळी.

तेवढ्यात दारात सावली पडली. दाजींना वाटलं काळुराम. पण आला अमोल. त्यानं चपला काढल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि वीणेपुढं लवला. सगळं रीतसर. मग तो काकाच्या जवळ येऊन अगदी हळू बोलला.

"काळुरामकाकाला मीच बसवून ठेवलाय. सांगितलं त्याला, काका म्हणतायत एकादशीचा दुसरा पहारापण मीच करतो. लय खूश झाला, म्हणाला भाग्यवान हाय दाजी."

दाजींचं नाम चुकलं नाही, पण तार बोटातून निसटली.

"मला ठाव हाय ती अष्टमीची बाई तुमच्याकडं जेवायला यायची. ती हापिसात काय बोलत व्हती ते पण कंपनीच्या मानसाकडून कळलंय." अमोल खाली पाहत होता. "काका, रोह्याच्या कारखान्यात शिफ्ट करून करून माझी छाती वाजते. ठेकेदाराचा माणूस मी, उद्या नको म्हणले की घरी. हितं कायम करनार हायत. बिनधुराचं काम, आन घरची भाकर. वांदा घातलात तर कंपनी दुसरी खाडी बघंल. तुमी आज देवाजवळच ऱ्हावा."

तो पुन्हा लवला आणि गेला. आणि दाजींना त्याच्यावर धड रागावताही येईना. पोराची छाती खरंच वाजत होती. रात्री त्याचा खोकला मधल्या भिंतीतून त्यांना ऐकू यायचा. असा हा पेच. शत्रू असता तर माणूस वीणेसकट धावून गेला असता. इथं पाय धरून मान दिला होता आणि त्या मानाच्या दोरीनंच बांधलं होतं. वीणा खाली ठेवावी तर गावाचा सप्ताह मोडतो, आणि दाजींच्या आज्यापासून तो मोडला नव्हता. न ठेवावी तर प्रश्न जातो. ते पांडुरंगाकडं पाहत राहिले. तोही कमरेवर हात ठेवून उभाच. त्यालाही बदली मिळालेली नव्हती.

मग कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला आणि दाजी भिंतीशी कान देऊन उभे राहिले. धोंडुबाई उठून उभी राहिली होती. तिला काही विचारायचं होतं. लिहून घेणाऱ्या माणसानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते विचारलं. ती म्हणाली, आमच्या मालकांचं. मग ते बोलतील, असं तो म्हणाला, वाईट नाही, सरळच म्हणाला. ती म्हणाली की ते वीणेत आहेत. मांडवात हशा उठला. कोणीतरी मागून टोमणा मारला की वीणेतून सुटले की खिचडीत येतील. धोंडुबाईनं शेजारच्या बाप्यांना सांगून पाहिलं असावं, कारण कोणीतरी "बस गो, बस, कशाला" म्हणालेलं कर्ण्यात आलं. घराघरात कोणी ना कोणी प्रकल्पाच्या नोकरीत कायम व्हायचं होतं.

नाव दाजींचं आणि तोंड बांधलेलं. तोंड धोंडुबाईचं आणि नाव नाही.

दाजी देवळाची पायरी उतरले.

वीणा देवळाबाहेर जात नाही असं नाही, दिंडीत ती गावभर फिरते. नाम मात्र थांबता कामा नये. राम कृष्ण हरी म्हणत, तार वाजवत, अनवाणी ते मैदानात आले. पण त्यांना पाहून मांडवात जे झालं ते त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळे उठून उभे राहिले. पागोटी, टोप्या खाली लवल्या. बायांनी पदर सारखे केले. टेबलामागं बसलेले सरकारी साहेबसुद्धा उठले, हात जोडले, आणि कंपनीच्या माणसानं पुढं ठेवलेला झेंडूचा हार उचलून त्यांनी वीणेला घातला. अमोल कर्ण्याजवळच होता. तो क्षणभर गांगरला, मग त्याला सुचलं. त्यानं सांगून टाकलं की एकादशीची वीणा स्वतः चालत आली, प्रकल्पाला देवाचा आशीर्वाद मिळाला.

टाळ्या वाजल्या. ज्या प्रकल्पावर प्रश्न घेऊन दाजी आले होते, त्याला त्यांचं मुकेपण होकार होऊन चिकटलं. ते नुसती मान नाही नाही अशी हलवत होते, आणि लोकांना वाटलं नामात रंगलेत.

त्यांनी काळुरामला शोधलं. तो दुसऱ्या ओळीत होता, हातात पानाचा द्रोण. दाजी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. काळुरामनं एकदा वर पाहिलं, मग अमोलकडं, मग द्रोणात. त्याचाही मुलगा कायम व्हायचा होता. दाजी पुढच्या माळकऱ्याकडं गेले. त्यानं उष्टा हात दाखवला. तिसरा तर दाजींना येताना पाहूनच लघवीला गेला. टेबलाच्या टोकाला नम्रता नकाशांपुढं बसली होती. ती दाजींकडं पाहत होती आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कोणाचा काही प्रश्न नसेल तर आपण इथंच थांबू, असं ते म्हणाले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं धोंडुबाई आली. पुरुषांच्या ओळींमधून सरळ चालत आली, दाजींच्या पुढ्यात थांबली, पदर खोचला.

"द्या हिकडं," ती म्हणाली.

दाजींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते एक पाऊल मागं सरले. खारकुंभळ्यात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती. कीर्तनात त्यांनी जनीच्या, मुक्ताईच्या कथा ऐकल्या होत्या, ऐकून रडले होते, पण ते कीर्तनात. त्यांचे हात वीणेवर घट्ट झाले. त्या घडीला बोलता येत असतं तर दाजी आपल्या बायकोला नको म्हणाले असते. बोलता येत नव्हतं हीच पांडुरंगाची कृपा.

"राम कृष्ण हरी," तिनं सुरू केलं. आवाज जात्यावरचा, उंच, थोडा फाटका. दाजींच्या नामाशी तिनं नाम जुळवलं आणि खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आता रीत अशी, की घेणाऱ्यानं देणाऱ्याचे पाय धरले की देणाऱ्यानंही घेणाऱ्याचे धरायचे. दाजी वाकले. सगळ्या गावादेखत त्यांनी बायकोच्या भेगाळल्या पायांवर कपाळ टेकलं. तिनं पाय आखडले नाहीत. वीणेचा दोर त्यांच्या गळ्यातून तिच्या गळ्यात सरकला. नाम तुटलं नाही.

धोंडुबाई वळली आणि तार छेडत देवळाकडं चालू लागली.

दाजींचं तोंड मोकळं झालं. इतका वेळ नामात राहिलेल्या जिभेला प्रपंचाचं बोलणं सापडत नव्हतं. मग ते बोलले, कर्ण्याशिवाय.

"सायब, परकल्पानं खाडीचं काय हुईल ते तुमी लिवलंत. मासं, तिवरं, सगळं लिवलंत. दर्या आमचं आन तुमच्या परकल्पाचं काय करील ते कुटं लिवलंय? दर्या चढतोय. आमी बांधावर थरावर थर टाकतोय आन म्हनतोय माती खचली. तुमचं धरान नातवांच्या काळापतूर चालनार, मग बांधाला नातवांचा दर्या धरा ना. आजचा कशाला धरलात? मला वीज नको असं नाय. मला नीट मोजलेली वीज हवी."

साहेब चांगले होते. त्यांनी चष्मा काढला. हवामान बदलाची चर्चा जगात चालू आहे हे आपण वाचलं आहे, असं त्यांनी सांगितलं, पण ह्या तपासणीत प्रकल्पाचा परिणाम पाहतात, प्रकल्पावरचा परिणाम पाहायला नमुन्यात जागा नाही. शिवाय हा तर स्वच्छ विजेचा प्रकल्प, त्याला अडवून पुन्हा कोळसाच जाळायचा का, असंही त्यांनी विचारलं. ते बरोबर होतं. दाजींनाही ते बरोबर वाटलं. तरी ते जागचे हलले नाहीत.

मग साहेबांनी टेबलाच्या टोकाकडं पाहून विचारलं, अहवालात उद्याच्या भरतीचा काही विचार आहे का? प्रश्न नम्रताच्या वरच्या साहेबांना होता. ते कागद चाळू लागले.

"नाही, सर," नम्रता म्हणाली. "मोजमाप आजच्या भरतीचं आहे."

तिचे साहेब कागद चाळायचे थांबले. तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. ती आपली बोटं एकमेकांत अडकवून बसून राहिली.

सरकारी साहेबांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, घ्या लिहून. त्यानं दाजींना नाव विचारलं. सातबाऱ्यावर आहे तेच, दाजी म्हणाले, आणि पूर्ण सांगितलं. लेखणी चालली, थांबली. झालं. एवढ्यासाठी सगळं होतं, आणि ते झालं. लिहिल्यानं बांध उंच होईल की नाही हे साहेबांनाही सांगता आलं नसतं.

पण मांडवात दर्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. माणसं उभी राहिली होती, आणि जो तो वीणेबद्दल बोलत होता. बाईच्या गळ्यात. एकादशीला. सप्ताह बाटला. काळुराम सगळ्यांत पुढं होता, बोटांना अजून खिचडी चिकटलेली. जिपा निघाल्या. मागच्या जिपेत नम्रता होती, काचेला डोकं टेकून. दाजींनी हात वर केला. तिला दिसला की नाही कोण जाणे.

ते देवळाकडं आले तर पायरीखाली निम्मं गाव जमलेलं. आत धोंडुबाई उभी, वीणा तिला जरा मोठीच होत होती, नाम चालू. काळुराम म्हणत होता की तिनं वीणा खाली ठेवावी, देऊळ धुऊन काढू, आणि नवा सप्ताह बसवू. दाजी त्याला म्हणाले, पहारा तुझा आहे, जा, घे. काळुराम पायरी चढला नाही. बाईच्या गळ्यातली वीणा तो घेणार नव्हता. दुसरे माळकरीही घेणार नव्हते. अमोल गर्दीच्या कडेला उभा होता, खोकला दाबत. त्यानं हे असं होईल असं धरलं नव्हतं.

"दाजी, तुजं आन आमचं मिटलं," काळुराम म्हणाला. "पुनवेच्या उधाणाला जोळात तुज्या घरचं मानूस नको."

दाजींना हसू आलं. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी आलं.

"दर्याला सांग तसं," ते म्हणाले. "दाजीच्या शेतातून नको येऊ म्हनावं, बाकीच्यांच्यातून ये."

कोणी हसलं नाही. एकदोघांनी मात्र माना फिरवून खाडीकडं पाहिलं.

दाजी आत गेले. वीणा परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला, पण धोंडुबाईनं मान हलवली. नाही. ती ज्या नजरेनं पाहत होती तिचा अर्थ संसार केलेल्या माणसाला न बोलता कळतो. मी दमले की तुम्ही घ्या, तुम्ही दमलात की मी घेईन, दुसरं कोणी येणार नाही. द्वादशीच्या काल्यापर्यंत कोणी येणार नाही. सप्ताह दोघांच्या मानेवर आला होता. ना पायरी उतरायची सोय, ना वीणा टेकायची. बाहेर गाव, आणि गावापलीकडं चढत चाललेलं पाणी.

कोपऱ्यात टाळ पडले होते. दाजींनी एक जोड उचलला. तिची लय घाईची होती, स्वयंपाकाची सवय. त्यांनी तिला हळू केलं नाही. आपला टाळ तिच्या लयीत बसवला आणि तिच्या नामाला नाम दिलं.